बसणाऱ्याचं माप

आकुर्डीत आमचं सीट-कुशनचं दुकान आहे. अब्बांनी सुरू केलं, आता मी चालवतो. रिक्षा, टेम्पो, बस, मोटारसायकल, ज्याच्यावर माणूस बूड टेकतो ते सगळं आमच्याकडे येतं. रेक्झिन फाटलं, फोम दबला, स्प्रिंग टोचायला लागली की लोकांना आमची आठवण होते, तोवर नाही. त्याचा मला राग नाही. पण कोणी दुकानात येऊन "चाचा, काहीही टाका, चालतंय" म्हणाला की माझं डोकं सटकतं. अरे बाबा, काहीही कसं चालेल? दिवसाचे दहा तास तू बसणार आहेस, मी नाही.

अब्बांचा नियम होता, गाडीचं माप नंतर, आधी बसणाऱ्याचं. टेम्पोवाला आला की ते त्याला लाकडी स्टुलावर बसवायचे आणि गुडघ्यामागे हाताची चार बोटं घालून बघायचे. सीटची कड आणि पोटरी यांच्यात चार बोटं मावली पाहिजेत. कमी मावली तर पायाला मुंग्या, फार जास्त मावली तर मांडी अधांतरी. आणि तळपाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत. लोक चेष्टा करायचे, "सीट शिवताय का सदरा शिवताय?" अब्बा उत्तर द्यायचे नाहीत, तोंडात टाचण्या धरून काम करत राहायचे. त्यांच्या हातची सीट दहा दहा वर्षं दबत नसे.

हा नियम मी आयुष्यात एकदा मोडला. तोही अशा वेळी, की जेव्हा मोडायला नको होता.

चाकणच्या पुढे एका गावातलं घर आमचं जुनं गिऱ्हाईक. बापाचा एकच टेम्पो होता, त्याची सीट अब्बांनी बनवली होती. बाप गेला. आता मुलाचे सहा टेम्पो आहेत, चाकणच्या कंपन्यांचा माल वाहतात. हा मुलगा म्हणजे चांगला पंचेचाळिशीचा गडी, सहा फूट उंच, आवाज असा की दुकानात शिरण्याआधी चौकात ऐकू यायचा. तो एक दिवस आला आणि काही न बोलता स्टुलावर बसून राहिला. मी म्हटलं, काय झालं राव, टेम्पो ठोकला का?

"चाचा, आई डायलिसिसला जायचं नाही म्हणते."

त्याच्या आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीन दिवस चिंचवडच्या दवाखान्यात चार चार तास मशीनवर. त्यावर जाता-येता चाकणचा चौक, मोशी, भोसरी. तो रस्ता धडधाकट माणसाला रडवतो. मागच्या पंधरवड्यात म्हातारीनं दोन पाळ्या चुकवल्या होत्या. दुसऱ्या खेपेला तोंड सुजलं, दम लागला, उचलून न्यावं लागलं. डॉक्टरांनी ह्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की असंच चाललं तर फार दिवस नाहीत.

"विचारलं तर एकच म्हणते, गाडीत बसवत न्हाई. माझी गाडी लहान आहे, खरंय. पुढची सीट मागं पाडून बसवतो तिला, तरी नको म्हणते. आता मी मोठी गाडी घेतोय चाचा. सगळ्यात मोठी. पण सीट तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणालात तरच घेणार."

एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघून मला कसंसंच झालं. मी शटर अर्धं ओढलं आणि त्याच्याबरोबर निघालो.

शोरूम हिंजवडीच्या रस्त्याला. आत गाडी उभी होती ती गाडी कसली, चाकं लावलेला हॉल होता. माहिती सांगायला एक मुलगी होती, हुशार, भरभर बोलणारी. छतातून आकाश दिसतं, सीटमधून गार वारा येतो, सीट पाठ चोळून देते. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे पाठ चोळायला न्हावी आहे, मला फक्त बसू द्या. ती हसली आणि तिनं दार उघडलं.

मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, प्रत्येकीला स्वतःचे हात, मध्ये माणूस चालत मागं जाईल एवढी वाट. मी सवयीनं चपला काढल्या. नवीन सीटवर आम्ही चपला घालून बसत नाही, दुकानातली रीतच आहे ती. बसलो. फोम कुठं कडक, कुठं मऊ, शिवण कुठून नेली, सगळं हातानं चाचपलं. गुडघ्यामागे चार बोटं घातली. बरोब्बर. तीस वर्षं हेच काम करतोय मी, दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हणायला माझी जीभ जड होते. पण ज्यानं कोणी ती सीट बनवली त्याला मनातल्या मनात सलाम केला.

ट्रायल म्हणून आम्ही माण गावाच्या बाजूला गेलो, जिकडे रस्ता कमी आणि खोदकाम जास्त. टपरीवरून चहाचा कप भरून घेतला आणि हातात धरून बसलो. खड्ड्यात गाडी गेल्याचं दिसत होतं, पण चहा सांडला नाही. मग चहा प्यायलो, बटण दाबून पाय वर घेतले, आणि काय सांगू, मला झोप लागली. परत शोरूमच्या दारात आलो तेव्हा जाग आली. कुशनवाल्याला सीटवर झोप लागली, आणखी कुठलं सर्टिफिकेट पाहिजे. मी उतरून म्हटलं, "घे राव. डोळे झाकून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिक्षावाला आला. ठेंगणा माणूस, सीट उंच पडते म्हणून पाय भरून येतात अशी तक्रार. त्याला स्टुलावर बसवला आणि गुडघ्यामागे हात घातला, आणि माझा हात तिथंच थांबला. शोरूममध्ये चार बोटं बरोब्बर मावली होती, पण ती माझ्या गुडघ्यामागे. मी पाच फूट नऊ इंच. ज्या बाईला त्या सीटवर बसायचं होतं तिला मी पूर्वी नवऱ्याबरोबर टेम्पोत आलेली बघितली होती, ती माझ्या खांद्यालाही लागत नाही. मोठी गाडी बघून माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय. मी फोन लावला.

"बुकिंग केलंस का?"

"आज करतोय."

"थांब. आईचं माप घ्यायचं राहिलं."

"चाचा, आईला काय ब्लाउज शिवायचाय?" तो हसला. मग म्हणाला, "ती शोरूमला यायची नाही. तुमाला पटंल ती घ्या म्हणते."

"ती नको येऊ दे, गाडी तिच्याकडं येऊ दे. आणि दवाखान्यात जाताना नाही, सुटताना. जाताना माणूस ताजा असतो. खरी ट्रायल येताना."

शोरूमच्या मुलीनं आधी आढेवेढे घेतले. ट्रायलची गाडी एवढ्या लांब द्यायचा नियम नव्हता. तिनं साहेबाला कसं पटवलं कुणास ठाऊक, पण बुधवारी दुपारी ती स्वतः गाडी घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी हजर होती. तेव्हापासून त्या पोरीबद्दल मला आदर आहे.

म्हातारी बाहेर आली. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, बांधा असा की वाऱ्यानं हलेल. डाव्या हाताला मशीनच्या सुया टोचलेल्या, म्हणून तो कोपरापाशी पट्टी बांधलेला, आणि तो हात ती उजव्या हातात धरून चालत होती, तान्हं बाळ धरावं तसा. सून बाजूला, स्वतःची पिशवी आणि सासूची शाल सांभाळत. गाडीपाशी आल्यावर म्हातारीनं वर बघितलं. पायरी तिच्या गुडघ्याच्या वर येत होती. एक पाय उचलला, पोचला नाही, खाली ठेवला. मग मुलानं तिला लहान मुलासारखी उचलून सीटवर ठेवली. चार लोक बघत होते. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

मी मुद्दाम सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसलो. तिथं माझे गुडघे हनुवटीला लागत होते. त्या रांगेत बसायचं तर माणसानं आधी काहीतरी पाप केलेलं असावं लागतं. पण तिथून मला सगळं दिसत होतं. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते, अंगठा सारखा खाली काहीतरी शोधत होता. गाडी मुलगा चालवत होता, शोरूमची मुलगी त्याच्या शेजारी; त्यानं हौसेनं गार वारा सोडला. मशीनवरून उतरलेल्या माणसाला आधीच हुडहुडी भरते, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण तो तेव्हा गाडी काढायला गेलेला असायचा. सुनेनं पुढं वाकून वारा बंद करायला लावला आणि शाल पांघरली. मानाची जागा म्हणून म्हातारीला डावीकडं बसवलेलं, त्यामुळं गाडी जराशी डुलली की पट्टीचा हात दाराच्या बाजूला टेकत होता.

मोशीच्या पुढं तिनं उजवा हात मधल्या वाटेत पसरला. पलीकडून सुनेनं आपला हात पुढं केला. दोघींचे हात अधांतरी एकमेकींना धरून राहिले. स्पीडब्रेकर आला की सुटायचे, पुन्हा धरायचे. चाकणच्या चौकात अर्धा तास गाडी जागची हलली नाही, तेव्हा मात्र ते सुटले नाहीत.

"आई, कशी वाटली?" मुलानं आरशातून विचारलं.

"लई झाक हाय रं," ती म्हणाली.

तो खूश झाला. मला मागं बसून इतका राग आला की काय सांगू. त्याचा नाही, माझाच.

घरी पोचलो. मुलगा गाडी अंगणात कुठं मावेल ते पावलांनी मोजू लागला, शोरूमची मुलगी त्याला मदत करत होती. सून चहा टाकायला आत गेली. म्हातारी ओसरीवर भिंतीला टेकून बसली. मी समोर बसलो आणि म्हटलं, "वहिनी, आमच्या अब्बांनी तुमच्या टेम्पोची सीट केली होती. मी त्यांचा मुलगा. माझ्यापाशी खोटं बोलू नका. गाडी झाक नाही."

तिनं अंगणात मुलाकडं एकदा बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "गाडीला नाव ठिवायला जागा न्हाई बाबा. पर पोरगं माझ्या नावानं एवढं मोठं धूड दारात आणून हुबं करणार. मग उद्या मी न्हाई कसं म्हणू?"

"कशाला नाही?"

"मशिनीला. आज माझं मी म्हणू शकते, बास झालं, न्हाई जायचं. ही गाडी आली की त्ये बी जाईल. मला मरायची बी चोरी व्हईल."

चहाचे कप घेऊन सून दारात उभी होती. तिच्यामागं मुलगा आलेला मला दिसला नव्हता. म्हातारीलाही नाही. त्याच्या हातात गाडीचं चकचकीत माहितीपत्रक होतं. तो तिथंच उंबऱ्यावर बसला, एवढा मोठा गडी, आणि हमसून रडायला लागला.

मला अशा वेळी गप्प बसता येत नाही, माझी सवयच वाईट. मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला मरायचंय का वहिनी? सरळ सांगा."

"आज न्हाई," ती म्हणाली. "पर कवा ते माझं मला ठरवू द्या की. दीड वरीस झालं, सकाळ झाली की हे मला उचलत्यात आन् गाडीत टाकत्यात. चल म्हणत्यात. जायचं का म्हणून कुणी इचारलंय?"

मग सून बोलली. ती बाई दिवसभर चार शब्द बोलली नव्हती. "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली. "येताना त्यांना बसायचंच नसतं. आडवं व्हायचं असतं. तुम्ही त्यांना पुढं बसवता, मी मागं. त्या सारख्या मागं वळून बघतात. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं तर घर येईपर्यंत झोपतील."

मी म्हातारीला पाटावर बसवलं, पाटाखाली दोन विटा ठेवून उंची केली, आणि गुडघ्यामागे हात घालायच्या आधी विचारलं, "माप घेऊ का?" ती हसली. दात नसलेलं, मोकळं हसू. "घे बाबा. तू तरी इचारलंस." मोठ्या गाडीच्या सीटवर तिच्या गुडघ्यामागे एक बोटसुद्धा मावलं नसतं. उलट त्यांची जुनी लहान गाडी, सकाळी म्हातारीला सोडून टेम्पोच्या ड्रायव्हरनं परत आणलेली, अंगणात उभी होती, तिची मागची सीट बरोब्बर तिच्या ढुंगणाच्या उंचीला. मागं वळायचं, टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. मागं सलग बाकडं, मध्ये वाट नाही. उजवीकडं म्हातारी, डावीकडं सून, म्हणजे पट्टीचा हात दाराला न लागता सुनेच्या बाजूला राहणार. दीड वर्ष जी गाडी दारात उभी होती तीच तिच्या मापाची होती, फक्त तिला पुढच्या मानाच्या सीटवर कोंबलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी मुलाला तसं सांगितलं. म्हटलं, ती मोठी गाडी उत्तम आहे, तुझ्या मापाची आहे, पुढंमागं स्वतःसाठी जरूर घे. आईसाठी नको.

शोरूमची मुलगी सगळं ऐकत ओसरीच्या कडेला उभी होती. ती आली, त्याच्या हातातलं माहितीपत्रक हलकेच काढून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. मग म्हातारीच्या पाया पडली. जाताना मला म्हणाली, "काका, महिन्याचं टार्गेट घालवलंत माझं." पण म्हणताना डोळे पुसत होती.

मग म्हातारीनं आपली अट घातली. "मी जाते. पर ज्या दिशी न्हाई म्हणंन, त्या दिशी न्हाई. रडायचं न्हाई, डाक्टरला फोन लावायचा न्हाई, पावन्यारावळ्यांना बोलवायचं न्हाई."

मुलगा हातानं तोंड पुसत राहिला. सुनेनंच त्याच्या वतीनं हो म्हटलं. तिनं सासूकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हो. शब्द दिला." मग त्यानंही मान हलवली.

लहान गाडीची मागची सीट मी दुकानात आणून उघडली. कडेचा कडक फोम कापून उतार दिला, कुशीवर झोपल्यावर कंबर जिथं येईल तिथं मऊ थर घातला, पट्टीच्या हाताखाली ठेवायला सुती कापडाची छोटी उशी शिवली. रेक्झिन नको, सुतीच, घसरायला नको आणि गार लागायला नको. पट्टा कमरेला लावता येईल अशी खाच ठेवली. अब्बा असते तर शिवणीला नाव ठेवायला त्यांना काहीतरी सापडलं असतंच, पण मापाला नाही.

त्यानंतर तीनेक आठवडे सगळ्या पाळ्या नीट झाल्या. येताना म्हातारी भोसरी यायच्या आत झोपते, असा मुलाचा फोन यायचा. मग एका सोमवारी सकाळी तो दुकानात आला. दवाखान्याची वेळ होती, म्हणून मी दचकलोच.

"आज नाही म्हणाली," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. शब्द दिलाय. किल्ली खिशातून काढली, तिच्या समोर खिळ्याला अडकवली आणि घरातून निघून आलो. तिथं थांबलो असतो तर रडलो असतो. रडायचं नाही ठरलंय ना."

आम्ही दोघं दुकानातल्या स्टुलांवर बसून राहिलो. मी चहा मागवला, तो गार झाला. मी त्या दिवशी एकही सीट उघडली नाही. मला सारखं वाटत होतं की शहाणपणा करून मी एका माणसाची आई मारली. त्याच्याकडं बघायची हिंमत नव्हती मला. दुपारी सुनेचा फोन आला की सासूबाई जेवल्या, अंगणात फिरल्या, शेजारणीकडं जाऊन बसल्या. श्वास बरा आहे. तो फोन ठेवून तो घरी गेला.

बुधवारी पाळी होती. सकाळी नऊच्या सुमारास त्याचा फोन आला, आवाज पुन्हा पहिल्यासारखा, कानापासून लांब धरावा लागेल असा. तो म्हणाला, "चाचा, आई आधीच गाडीत जाऊन बसलीय. मला हाका मारतेय."

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. म्हातारी अजून जाते. त्या सोमवारनंतर दोनदा नाही म्हणाली, दोन्ही वेळा तिचं ऐकलं, आणि दोन्ही वेळा पुढच्या पाळीला ती स्वतःहून निघाली. मोठी गाडी आली नाही. मागच्या महिन्यात सीटची एक शिवण उसवली म्हणून मी सुईदोरा घेऊन त्यांच्या घरीच गेलो. पाळीचाच दिवस होता. म्हातारी ओसरीवर बसलेली, मुलगा समोर उभा.

"आई, जायचं का?" त्यानं विचारलं आणि हात पुढं केला.

तिनं त्याला जरा वाट बघायला लावली. मग कनवटीतून गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.